युद्ध संपल्यावर लष्करी विमानांनी गस्त घालून शांतता राखता येते का?

पाळत ठेवता येते, पोलिसांचं काम करता येत नाही. तुम्ही विचारलंय की युद्धानंतर जमिनीवर पुरेसे पोलीस नसले तर ती उणीव लष्करी विमानं भरून काढतील का. मी नौदलाच्या हवाई शाखेत होतो. गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावर टेहळणीच्या विमानांवर नोकरी केली आणि निवृत्तीनंतर वास्कोतच राहिलो. माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर ब्रिटिशांनी इराकमध्ये केला. १९२० च्या उठावात त्यांचा पैसा आणि माणसं इतकी खर्ची पडली, की १९२१ च्या कैरो परिषदेत चर्चिल यांनी इराकचा बंदोबस्त हवाई दलाकडे सोपवायचं ठरवलं. ऑक्टोबर १९२२ पासून ती जबाबदारी रॉयल एअर फोर्सकडे आली. पलटणी कमी झाल्या, खर्च उतरला, लंडनला हिशेब पटला. पण तिथल्या गावांचं काय झालं? टोळीनं कर थकवला किंवा हुकूम मोडला, की आधी इशारा आणि मग बॉम्ब. वरून गुन्हेगार दिसत नाही, गाव दिसतं, म्हणून शिक्षाही गावालाच. त्यात बायका-पोरं, गुरं, उभी पिकं सगळं आलं. याला बंदोबस्त म्हणायला माझं मन तयार होत नाही. आणि कुठल्या टोळीत काय चाललंय हे कळण्यासाठी त्याच हवाई दलाला खास अधिकारी नेमून मुलखात हिंडवावे लागले, चिलखती गाड्या ठेवाव्या लागल्या.

आपल्याकडेही मार्च १९६६ मध्ये मिझो बंडाच्या वेळी ऐझॉलवर आपल्याच हवाई दलानं मारा केला. मिझोराममध्ये ती सल अजून गेलेली नाही.

विमानाची मर्यादा आम्हाला रोजच्या गस्तीतच समजायची. आमच्या डॉर्नियर या टेहळणी विमानात रडारवर ठिपका उमटायचा. खाली येऊन पाहिलं की ट्रॉलर. जाळं ओढतोय की नुसता थांबलाय हे मागच्या पाण्यावरून ओळखता यायचं. नाव-नंबर वाचायचा, फोटो घ्यायचे. पण डेकवर उभे आहेत ते खारवी, म्हणजे मच्छीमारच आहेत का, बर्फाच्या पेटीत मासळीच आहे का, हे बघायला बोटच जावी लागायची. ती जवळ नसली, तर आमच्या फोटोंचा त्या घडीला काही उपयोग नसायचा.

गोव्याचंच घ्या. १८ डिसेंबर १९६१ ला कॅनबेरा विमानांनी दाबोळीची धावपट्टी फोडली, दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. विमानांचं काम तिथं संपलं. पुढे जून १९६२ पर्यंत मेजर जनरल कॅंडेथ लष्करी गव्हर्नर होते आणि गावोगावचा बंदोबस्त जमिनीवरच्या माणसांनीच सांभाळला.

मग विमानं नकोतच का? तसं मी म्हणणार नाही. काँगोत संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१३ पासून गोमाहून बिनशस्त्र ड्रोन उडवले. सशस्त्र टोळ्यांच्या हालचाली दिसू लागल्या. मे २०१४ मध्ये किवू सरोवरात बुडणारी एक होडी ड्रोनला दिसली आणि शांतिसेनेच्या बोटींनी जाऊन लोकांना वाचवलं. बोटी तयार होत्या म्हणूनच ड्रोनला दिसलेलं कामी आलं.

अजून एक धोका लोक विसरतात. ही साधनं युद्धभूमीवर थांबत नाहीत. अमेरिकेच्या अलीकडच्या इराक युद्धात रस्त्याकडेला बॉम्ब पेरणाऱ्यांचा माग काढायला जे हवाई चित्रणाचं तंत्र तयार झालं, तेच पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरावर वापरलं गेलं. २०१६ मध्ये तर नागरिकांना पत्ताच नव्हता. २०२१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं त्याविरुद्ध निकाल दिला.

तेव्हा अशी योजना कुणी मांडली, तर आधी तीन गोष्टी विचारा: विमानावर शस्त्र आहे का, वरून दिसलेल्या जागी तासाभरात पोहोचणारं पथक कुठे बसलंय आणि चित्रफिती किती दिवस, कुणाच्या ताब्यात राहणार.