आल्काँ वाजवायचाय, पण तेवढी बोटं कुठून आणू?

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर पियानो शिकायला लागलो, त्याला सहा वर्षं झाली. शोपाँ या संगीतकाराचं एखादं सोपं वॉल्ट्झ (नाचाची धून), एवढीच माझी मजल. परवा आल्काँ या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच पियानोवादक-संगीतकाराचा एकट्या पियानोसाठी लिहिलेला कॉन्चेर्तो ऐकला आणि झोप उडाली. नोटेशन मिळवलं, तर पहिल्याच पानावर अडकलो. शिक्षक म्हणतात, नाद सोडा. सोडू का? आणि इतका मोठा माणूस विसरला कसा गेला?

उत्तर : नाद सोडू नका, पान बदला.

तुम्ही जिना सोडून थेट गच्चीवर उडी मारायला निघालात. हा कॉन्चेर्तो म्हणजे ऑपस ३९ (ऑपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) मधले आठ, नऊ आणि दहा क्रमांकाचे एट्यूड, म्हणजे सरावासाठीच्या रचना. १८५७ साली छापलेल्या या संचात बाराही मायनर पट्ट्यांत (उदास छटेच्या स्वरमालांत) एकेक एट्यूड आहे. कॉन्चेर्तोच्या पहिल्याच भागात तेराशेवर बार (तालाचे कप्पे) आहेत, म्हणजे अर्धा तास नुसता तेवढ्यालाच. एरवी कॉन्चेर्तो एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवतात; इथे ऑर्केस्ट्राही तुम्हीच आणि एकल वादकही तुम्हीच! भल्याभल्यांना घाम फुटतो, तुमचं काय घेऊन बसलात.

पण याच माणसाने १८४७ मध्ये ऑपस ३१ चे पंचवीस प्रेल्यूड (छोट्या रचना) दिले. त्यातला आठवा काढा. 'समुद्रकाठच्या वेडीचं गाणं' असं त्याचं नाव. मी पहिल्यांदा उघडला तेव्हा सुरुवातीलाच सात फ्लॅट (स्वर अर्ध्याने उतरवायच्या खुणा) दिसले आणि मुकाट्याने मिटून ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी कपाट आवरताना तो पुन्हा हाती लागला. सात फ्लॅट म्हणजे एफ फ्लॅटसुद्धा, जो वाजतो 'ई'च्या पांढऱ्या पट्टीवर. डोळा 'एफ' वाचतो, बोट सवयीने 'एफ'वरच जातं आणि सगळा विचका होतो. शेवटी मी अशा प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने गोल केला. पान गोवर उठल्यासारखं दिसायला लागलं, पण बोट चुकायचं थांबलं.

डावा हात पार खाली, खर्जात, तेच ते जड कॉर्ड (एकदम दाबायचे स्वरगुच्छ) हळू आवाजात दाबत राहतो. उजवा हात कुठेतरी लांब वरती एक बारीक सूर गातो. मधे सगळं मोकळं! ती मोकळी जागाच मला त्या रचनेचा जीव वाटते. म्हणून स्वर लांबवणारं पायातलं पेडल जपून. खालच्या कॉर्डचा चिखल झाला की समुद्र गेलाच म्हणून समजा. पहिला आठवडा पेडलला पायच लावू नका. नुसता डावा हात घ्या, प्रत्येक कॉर्डमधले सगळे स्वर एकदम खाली जातायत का ते ऐका. मधे चाल जरा अंगात येते, तिथे हात आवरा.

तो बसला की ऑपस ६३ कडे वळा. १८६१ सालची अठ्ठेचाळीस छोटी रेखाटनं आहेत. त्यातलं चौथं, 'घंटा', मी वाजवायला घेऊन बसले की घरातले गप्प होतात.

विसरला कसा गेला? थोडं नशीब, थोडा स्वभाव. जन्म पॅरिसचा, १८१३ चा. सहाव्या वर्षी तिथल्या कॉन्झर्वातोरात, म्हणजे संगीत विद्यालयात दाखल झाला, पुढे शोपाँचा शेजारी आणि स्नेही. १८४८ मध्ये त्याच संस्थेत पियानोच्या प्रमुखपदावर त्याचा हक्क असताना मार्मोंतेल नावाच्या दुसऱ्याच पियानोवादकाची वर्णी लागली. पुढच्याच वर्षी शोपाँ गेला. मग आल्काँने जवळजवळ वीस वर्षं मंचाकडे पाठ फिरवली आणि १८७३ मध्ये छोट्या मैफली घेऊन परतला. इतकं अवघड लिहायचं आणि स्वतःही वाजवायचं नाही, मग लोकांच्या कानावर पडणार कसं? पियानोवादक-संगीतकार बुसोनी त्याला फार मानायचा, पण गाडी खरी रुळावर आली ती १९६० च्या दशकात, अमेरिकेत रेमंड लेव्हेन्थाल आणि इंग्लंडमध्ये रोनाल्ड स्मिथ हट्टाने वाजवायला लागले तेव्हा.

प्रश्न : तालमूद हा ज्यूंचा धर्मग्रंथ काढताना पुस्तकांचं कपाट अंगावर पडून आल्काँ गेला, हे खरं का?

उत्तर : गोष्ट झकास आहे, पण खरी नाही. १८८८ मधल्या एका पत्रात तो स्वयंपाकघरात, छत्र्या-कोट अडकवायच्या स्टँडखाली सापडल्याचं लिहिलंय. धर्मग्रंथांचा अभ्यास मात्र दांडगा होता. अख्खं बायबल त्याने मूळ भाषांतून फ्रेंचमध्ये आणलं होतं. ते हस्तलिखित हरवलं.