क्लेमच्या टेबलावरून ‘डबल इन्डेम्निटी’

गेल्या अंकात दिग्दर्शक बिली वाइल्डरच्या ‘डबल इन्डेम्निटी’ (1944) या सिनेमाबद्दल लिहिलं होतं, आणि अशा सिनेमांचं बरंचसं श्रेय रहस्यकथांना दिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली, त्यातले हे निवडक प्रश्न.

प्रश्न : तुमचं वाचून सिनेमा पाहिला. विमा एजंट सुरुवातीलाच सांगून टाकतो की खून मीच केला. मग पुढचा दीड तास बघायचं तरी काय? (एक वाचक, सांगली)

खुनी कोण ते शोधायचं असेल तर अगाथा ख्रिस्तीबाई आहेतच की. वॉल्टर नेफ एका खातेदाराच्या बायकोच्या नादी लागतो, नवऱ्याच्या नकळत त्याची अपघात विम्यावर सही घेतो आणि मग दोघं मिळून त्याला संपवतात. हे सगळं तोच ऑफिसातल्या डिक्टाफोनवर, म्हणजे आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, सांगतोय, खांद्यात गोळी घेऊन. बघायचं ते हे, की पकडला जाणार हे ठाऊक असलेल्या माणसाभोवती फास कसा आवळत जातो.

मी निवृत्त होईपर्यंत क्लेमच्या टेबलावर बसलो, त्यामुळे माझा नायक नेफ नाहीच. माझा नायक क्लेम मॅनेजर कीज, म्हणजे नट एडवर्ड जी. रॉबिन्सन. आमच्याकडे पॉलिसी घेऊन वर्षही झालं नाही आणि माणूस गेला, की फाईलवर ‘अर्ली क्लेम’ असा शेरा पडायचा आणि चौकशी लागायची. कीजही तेच करतो. वरचे साहेब म्हणतात, ही आत्महत्या, पैसे देऊ नका. कीज त्यांना आत्महत्यांची कोष्टकंच ऐकवतो: विष घेऊन किती, उड्या मारून किती, त्यातही कुठून कुठून. आणि शेवटी विचारतो, ताशी 15 मैलांनी चाललेल्या रेल्वेगाडीच्या मागच्या डब्यातून उडी मारून जीव देता येईल असं कुणाला वाटेल? साहेब गप्प.

पण माझ्या मते खरी चमक पुढे आहे. मेलेल्या माणसाचा पाय त्याआधी मोडला होता. अपघाताचा विमा हाताशी असून त्यानं पायाचा क्लेम का केला नाही? कारण आपला विमा उतरवलाय हेच त्याला माहीत नव्हतं. कीजला संशय येतो तो न आलेल्या अर्जावरून! चौकशी करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रसंग दोनदा दाखवायला हवा.

सिनेमाच्या नावातलं दुप्पट पैशांचं कलम तुम्हालाही ओळखीचं असेल. आपले एजंट ‘डबल ॲक्सिडेंट बेनिफिट’ म्हणतात तेच. सिनेमात रेल्वेतल्या मृत्यूला 50,000 चे 1,00,000 डॉलर होतात, म्हणून तर प्रेत रुळांवर नेऊन टाकायचा खटाटोप.

आणि हे हवेतून आलेलं नाही. 1927 साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात रूथ स्नायडर या बाईनं प्रियकराच्या मदतीनं नवऱ्याला मारलं. त्याचाही विमा तिनं त्याला कळू न देता उतरवला होता, त्यातही हेच दुप्पट रकमेचं कलम होतं. 1928 च्या जानेवारीत तिला विजेच्या खुर्चीवर बसवलं. एका फोटोग्राफरनं घोट्याला कॅमेरा बांधून आत नेला, आणि तो फोटो ‘डेली न्यूज’नं पहिल्या पानावर छापला. मूळ कादंबरीचा लेखक जेम्स केन तेव्हा न्यूयॉर्कच्याच ‘वर्ल्ड’ दैनिकात अग्रलेख लिहीत होता.

प्रश्न : फिल्म न्वारमधला, म्हणजे त्या काळच्या काळोख्या गुन्हेपटांमधला, अंधार जर्मनीतून आला असं सगळीकडे वाचतो. मग तुम्ही रहस्यकथांना एवढं श्रेय का देता? (एक वाचक, ठाणे)

अर्धं खरं आहे. वाइल्डर बर्लिनहून आला, हिटलर सत्तेवर आल्यावर. लांग, सिओडमाक हे दिग्दर्शकही तिकडचेच. पण ‘डबल इन्डेम्निटी’चा कॅमेरामन जॉन साइट्झ मात्र शिकागोचा. बंद घरातली धूळ उन्हाच्या तिरिपेत दिसावी म्हणून त्यानं हवेत ॲल्युमिनियमची पूड उडवली. झडपांच्या पडद्यातून भिंतीवर पडणारे पट्टे तर तुम्ही पाहिलेच.

आता दुसरं अर्ध. रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट आधी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरीला होता. पाळत कशी ठेवतात, माणूस कुठल्या प्रश्नाला खोटं बोलतो, हे त्याला पगारी कामातून कळलं. मग तो ‘ब्लॅक मास्क’ या स्वस्त कागदावरच्या मासिकात लिहू लागला. त्याच्या ‘द माल्टीज फाल्कन’ या, एका ससाण्याच्या मूर्तीमागे लागलेल्या लोकांच्या, कादंबरीवर वॉर्नर ब्रदर्सनं दहा वर्षांत तीन सिनेमे काढले. 1931 चा बरा. 1936 चा चक्क विनोदी, त्यात पक्ष्याऐवजी शिंग! 1941 साली जॉन ह्यूस्टननं कादंबरी जवळजवळ जशीच्या तशी उचलली, आणि लोक आजही बघतात तो हाच. सावल्या कुणालाही पाडता येतात हो, तो कोरडा स्वभाव पुस्तकातच होता.

प्रश्न : सिनेमात संवाद कादंबरीतलेच असणार. मग पुस्तक वाचून वेगळं काय मिळणार? (एक वाचक, पुणे)

नसतात. वाइल्डरला केनचेच संवाद हवे होते. पटकथेसाठी त्यानं रहस्यकथाकार रेमंड चँडलरला बसवलं होतं. चँडलर म्हणाला, हे डोळ्यांनी वाचायला छान, तोंडात बसणार नाहीत. वाइल्डरनं नटांना बोलावून वाचून घेतले, आणि चँडलरचं खरं निघालं. मग संवाद नव्यानं लिहिले गेले. दोघांचं मुळीच जमायचं नाही. वाइल्डर माझ्या तोंडासमोर छडी नाचवतो, अशी तक्रारही चँडलरनं केली होती. एका तेल कंपनीत मोठ्या पदावर राहून, तिथून काढला गेल्यावर चाळिशी उलटून कथा लिहायला लागलेला माणूस, त्याला हे कुठून सहन होणार? कादंबरी जरूर वाचा. एका बैठकीत होते, आणि शेवट सिनेमापेक्षा विचित्र आहे.

प्रश्न : दुसऱ्यांदा बघताना काय बघू? (एक वाचक, नागपूर)

नेफच्या फ्लॅटचं दार. ते बाहेरच्या बाजूला उघडतं. घरांची दारं अशी नसतात, पण बाईला त्यामागे लपवायचं होतं ना! आणि सुरुवातीलाच, साधारण सोळाव्या मिनिटाला, नेफ कीजच्या खोलीतून बाहेर येतो तेव्हा दाराबाहेर एक गृहस्थ वाचत बसलेले दिसतील. ते स्वतः चँडलर.