पक्षाघातानंतर अपस्माराचा धोका कोणाला?

प्रश्न : माझ्या वडिलांना तीन महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी अडकून पक्षाघात झाला. रुग्णालयात दुसऱ्या दिवशी त्यांना एकदा फिट आली, त्यानंतर आलेली नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी फिटची गोळी बंद केली. ‘एकदा आली म्हणजे पुढे येतच राहणार’ असे नातेवाईक म्हणतात. गोळी पुन्हा सुरू करून घ्यावी का?

उत्तर : पक्षाघातानंतर पहिल्या सात दिवसांत आलेली फिट आणि त्यानंतर आलेली फिट यांत वैद्यकशास्त्र फरक करते. पहिल्या आठवड्यातील फिट ही ताज्या इजेची, म्हणजे सूज, रक्तपुरवठ्यातील खंड आणि पेशींतील रासायनिक उलथापालथ यांची प्रतिक्रिया असते. केवळ तिच्यावरून अपस्माराचे, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या विकाराचे निदान करत नाहीत. उशिरा येणारी फिट मात्र मेंदूत तयार झालेल्या कायमच्या व्रणातून उद्भवते आणि ती पुन्हा येण्याची शक्यता इतकी जास्त असते, की अशी एकच फिटदेखील अपस्मार मानून उपचार सुरू केले जातात.

तरीही नातेवाइकांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण सुरुवातीची फिट ही पुढील धोक्याची ठळक खूण आहे. गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघातासाठी २०१८ मध्ये ‘सिलेक्ट’ ही गुणपद्धती प्रसिद्ध झाली. तिच्या एकूण ९ गुणांपैकी ३ गुण एकट्या या फिटला आहेत. मेंदूच्या बाह्यस्तराला इजा झाली असल्यास २, पक्षाघाताच्या तीव्रतेनुसार २ पर्यंत, मोठ्या धमनीतील काठिण्य कारणीभूत असल्यास १ आणि मेंदूच्या मधल्या धमनीचा प्रदेश बाधित असल्यास १ असे बाकीचे गुण मोजतात. शून्य गुण असलेल्यांमध्ये वर्षभरात उशिराची फिट येण्याचा धोका सुमारे ०.७ टक्के, तर ९ गुण असलेल्यांमध्ये सुमारे ६३ टक्के आढळला. एवढी तफावत असताना ‘येणारच’ किंवा ‘येणार नाहीच’ असे सरसकट विधान करणे मला योग्य वाटत नाही. वडिलांच्या स्कॅनच्या अहवालात बाह्यस्तराचा, म्हणजे कॉर्टेक्सचा उल्लेख आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. इजा केवळ खोलवरच्या बारीक रक्तवाहिनीपुरती मर्यादित असेल, तर धोका बराच कमी असतो.

गोळीबद्दल सांगायचे, तर आज वापरात असलेली औषधे फिट दाबतात. व्रणातून अपस्मार निर्माण होण्याची प्रक्रिया ती थांबवतात, असे सिद्ध झालेले नाही. शिवाय गुंगी आणि तोल जाणे हे त्यांचे दुष्परिणाम चालण्याचा सराव करणाऱ्या रुग्णाला विशेष जाचक ठरतात. म्हणून गोळी बंद करण्याचा निर्णय प्रचलित पद्धतीला धरूनच आहे.

प्रश्न : आईला (वय ५६) गेल्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला होता. अलीकडे दोनदा तिचा उजवा हात मिनिटभर उडत राहिला, बोलणे थांबले आणि नंतर तासभर हात लुळा पडला. हा पुन्हा पक्षाघात आहे का?

उत्तर : आपण केलेले वर्णन मेंदूच्या एका भागातून उद्भवणाऱ्या फिटशी जुळते. अशा फिटनंतर काही काळ अवयव लुळा पडू शकतो. मात्र घरच्या घरी हा फरक ओळखता येत नाही, तेव्हा असे पुन्हा घडल्यास पक्षाघात समजूनच तातडीने रुग्णालय गाठा. फिट चालू असताना तिला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांहून अधिक काळ चाललेली फिट ही आणीबाणी असते.

रक्तस्रावानंतर अपस्माराचा धोका गुठळीच्या पक्षाघातापेक्षा सामान्यतः अधिक असतो. बाह्यस्तरापर्यंत पोहोचलेला रक्तस्राव, १० मिलिलिटरहून अधिक रक्त साचणे, पहिल्या आठवड्यातील फिट आणि ६५ पेक्षा कमी वय या गोष्टी तो वाढवतात. वय कमी तर धोका जास्त, हे अनेकांना उलटे वाटते. दोन्ही प्रसंगांच्या नोंदी घेऊन, शक्य असल्यास मोबाइलवर चित्रीकरण करून, या आठवड्यातच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा आणि तिची सर्व औषधे सोबत न्या, कारण फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांसारखी फिटवरील जुनी औषधे रक्त पातळ करणाऱ्या तसेच कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा परिणाम बदलतात. अशा वेळी लेव्हेटिरासेटाम किंवा लॅमोट्रिजिन यांचा विचार केला जातो.