विंडोज ७ वाल्या जुन्या पीसीवर ११ घालू, १० घालू की आहे तसाच राहू दे?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत वडिलांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, २०१२ चा आय-थ्री थर्ड जनरेशनचा पीसी, ४ जीबी रॅम, विंडोज ७, मेकॅनिक म्हणतोय फॉरमॅट मारून ११ घालतो आणि वडील म्हणतायत चालतंय त्याला हात लावू नको. मी वडिलांच्या बाजूचा, पण अर्ध्याच गोष्टीत. खानापुरात माझं असंच दुकान आहे आणि हे सगळं एकदा चुकीचं करून बसलोय म्हणून जरा लांबड लावतो.

११ चा विषय आधी मिटवू. त्याला ऑफिशियली इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, तुमच्याकडं दोन्ही नाही. मेकॅनिक घालतो म्हणतोय ते पेनड्राइव्हवरनं चेकिंग बायपास करून, तसं बसतं, मी बघितलंय, पण अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि मोठं व्हर्जन आलं की परत तीच कसरत. ४ जीबी रॅमवर तर चालू करून चहा पिऊन आलात तरी गोल फिरतच असतंय. दुकानाच्या मशीनवर हे प्रयोग नकोत.

आता ७ वरच राहायचं म्हणाल तर त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला. नुसतं तेवढंच असतं तर मीही म्हटलं असतं राहू दे, पण खरी अडचण ब्राउझरची आहे. क्रोम ७ वर १०९ व्हर्जनला थांबला, २०२३ च्या सुरवातीपासून पुढचं काही येत नाही, आणि आपलं निम्मं काम आता ऑनलाइन, उतारा काढा, फॉर्म भरा, रिझल्टची प्रिंट द्या. गिऱ्हाईक आधार नंबर सांगतंय, ओटीपी सांगतंय, ते सगळं असल्या जुन्या ब्राउझरात टाकणं मला पटत नाही.

मध्येच एक सांगतो, "साइट उघडत नाही, सिक्युरिटी एरर येतोय" असं असेल तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा २०३२ नंबरचा सेल संपला की लाईट जाऊन आल्यावर तारीख जुन्या कुठल्यातरी सालात जाते आणि सगळ्या साइट बोंब मारतात. घड्याळवाल्याकडं मिळतो तो सेल. माझ्याकडं एकानं एवढ्यासाठी अख्खा पीसी विकायला काढला होता.

आता वडिलांचं बरोबर कुठं आहे ते सांगतो. मी २०२१ ला दुकानातला ७ वाला पीसी स्वतःच फॉरमॅट मारला, फायली डी ड्राइव्हला आहेत म्हटल्यावर काय जातंय. आठवडाभर मस्त चाललं. मग नंदगडचे एक मामा आले, थोरल्या मुलीची पत्रिका माझ्याकडंच केलेली, म्हणाले धाकटीचं ठरलंय, तीच पत्रिका, नाव-तारीख तेवढी बदल. फाइल उघडली आणि गणपतीच्या चित्राखाली "श्री गणेश प्रसन्न"च्या जागी सगळी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हं! मामा चष्मा काढून पुसून परत बघाले. कारण काय, तर त्या काळातले मराठीचे फॉन्ट युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी पद्धत) नव्हते, फाइलमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की मराठी गेली. कन्नडच्या जुन्या फायलींचंही तेच, आणि आपल्या भागात तर प्रत्येक दुकानात दोन्ही भाषांची दहा-पंधरा वर्षांची कामं पडलेली असतात. फॉन्ट तरी मी बेळगावच्या एका मित्राच्या मशीनवरनं आणले, पण टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवालं (डोंगल म्हणजे सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावावी लागणारी किल्ली), आणि विंडोजला ते डोंगल ओळखायला लावणारा ड्रायव्हर ३२ बिटचा. नवीन विंडोज घातलेली ६४ बिट, म्हणजे दुसऱ्या प्रकारची. ३२ बिटचा ड्रायव्हर ६४ बिटमध्ये चालतच नाही, वरनं काय सेटिंग बदलून उपयोग नाही. ११ तर ६४ बिटमध्येच येते, ३२ वाली नाहीच. मेकॅनिकला हे विचारा, फॉरमॅटनंतर पत्रिका उघडून दाखवणार का म्हणून.

त्यामुळं माझं म्हणणं असं की अपग्रेड करा, पण जुन्या हार्डडिस्कवर करू नका. नवीन २४०-२५६ जीबीची साटा एसएसडी (जुन्या डिस्कच्याच केबलला लागणारी, पण फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, नवीन सिस्टिम तिच्यावर घाला, जुनी डिस्क ७ सकट जशीच्या तशी ठेवा. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त बोर्डांवर साटाचा स्पीड निम्माच असतो, एसएसडी पूर्ण जोरात पळणार नाही, तरी जुन्या डिस्कच्या मानानं फरक असा पडतो की वडील स्वतः म्हणतील. रॅम डीडीआर-थ्री लागते, सेकंडहँड चार जीबीची एक पट्टी अजून टाका. (पट्टी काढालाच आहात तर पितळी दिसणारी कड खोडरबरनं घासून घ्या, आमच्याकडच्या पावसात तर ती काळीच पडते.)

आणि इन्स्टॉल करताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवायची. काढायचीच. मी दुसऱ्यांदा शहाणपणानं एसएसडी घेतली पण केबल तशीच ठेवली, तर विंडोजनं स्वतः एसएसडीवर बसून बूटच्या, म्हणजे मशीन चालू होताना लागणाऱ्या, फायली जुन्या डिस्कवर टाकल्या. महिन्यानं ती डिस्क बॅकअपसाठी काढली तर मशीन चालूच होईना, काळा स्क्रीन आणि बूट डिव्हाइस नाही म्हणतंय. पोरं दारात अर्ज घेऊन उभी.

एसएसडीवर घालायचं काय? १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापराला जादा अपडेटची जी योजना काढली तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठेवली होती, त्याला मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं. ७ च्या लायसन्स नंबरवर १० फुकट चालायची ती सोयही २०२३ मध्ये बंद झाली, म्हणजे लायसन्स विकत. एवढं करून मुदत संपत आलेली वस्तू घ्यायची का, हा विचार तुमचा तुम्ही करा. १० ची जमेची बाजू एकच मोठी, मराठी आणि कन्नड दोन्ही फोनेटिक कीबोर्ड २०१९ पासून आतच आहेत. फक्त जुन्या वर्ड फायलीत मंगल (मराठीचा) किंवा तुंगा (कन्नडचा) फॉन्ट असेल तर तो लँग्वेज अॅड केल्यावरच येतो, नाहीतर सगळी मांडणी हलते.

मी शेवटी लिनक्स मिंट घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी वेगळी सिस्टिम, त्यातलं एक्सएफसीई वालं, हलकं असतं. २२ च्या सीरिजला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, पैसे काही नाहीत. ब्राउझर, पीडीएफ, प्रिंट, झालं की आपलं काम. इथं सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे पेनड्राइव्हवरनं डिस्कला हात न लावता चालवून बघता येतं, तसं एक दिवस दुकान बंद असताना चालवा आणि प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन एकेक लावून बघा. माझा प्रिंटर लागला, स्कॅनर काही केल्या लागला नाही, तो ७ वरच चालतो. तुमचं अंगठ्याचं मशीन नाही लागलं तर मग नाइलाजानं १० घाला आणि आठव्या जनरेशनच्या सेकंडहँड पीसीसाठी पैसे बाजूला टाकत राहा.

इन्स्टॉल झालं की जुन्या डिस्कची केबल परत लावा, मग ती जोडलेलीच राहू दे, पण पत्रिकेचं काम आलं की चालू करताना बूट मेनूतनं ७ निवडायचं आणि नेटची केबल आधी काढायची. आमचा पोऱ्या ती केबल मॉनिटरच्या खुंटीला अडकवून ठेवतो, म्हणजे लक्षात राहतंय.

बाकी ७ मध्ये माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीत ३२ बिट आहे की ६४ ते बघा, आणि डोंगल पेनड्राइव्हसारखं आहे की मागं दोन स्क्रूनं बसवलेलं लांबडं, तेही बघून कमेंटमध्ये टाका. लांबडं असेल तर नवीन पीसीला ते भोकच नसतंय, मग हे जुनं मशीन कुणालाच विकू नका.