बायपोलर, लिथियम आणि रात्रपाळी: नोकरी टिकेल का?

तुम्ही विचारलंय: निदान नुकतंच झालंय, लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) सुरू आहे, अंधेरीत आयटीत काम, महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी. नोकरी टिकेल का, आणि ऑफिसात सांगावं का?

टिकेल, पण रात्रपाळी सोडा. या आजारात झोप मोडली की मॅनिया (अतिउत्साहाचा झटका) डोकं वर काढतो. सलग दोन रात्री चार-चार तास झोपूनही ताजंतवानं वाटलं, तर खूश होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा वेळी काय घ्यायचं, हे बरं असतानाच त्यांच्याकडून लिहून घ्या.

आता लिथियम. रक्तातली पातळी बहुतेकांची ०.६ ते ०.८ mmol/L ठेवतात, काहींची १ पर्यंत. गोंधळ होतो तो तपासणीच्या वेळेत. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं असतं. लॅबवाला घरी सातला येतो आणि तुम्ही गोळी रात्री अकराला घेतलेली, म्हणजे आठच तास झाले. पातळी खोटीच जास्त दिसते, डोस विनाकारण कमी होतो आणि महिन्याभरात गाडी पुन्हा रुळावरून घसरते. आदल्या रात्री नऊला गोळी घ्या, सकाळी नऊला रक्त द्या, सकाळचा डोस असेल तर तो त्यानंतर. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) दर सहा महिन्यांनी.

लोकलच्या गर्दीत डोकं दुखलं म्हणून पर्समधली कॉम्बिफ्लाम घेऊ नका. तिच्यातलं आयबुप्रोफेन लिथियम शरीरात अडवून ठेवतं. डायक्लोफेनॅकही तेच करतं. साधी पॅरासिटामॉल चालते. ऑक्टोबरचा घाम, पावसाळ्यातले जुलाब, नवरात्रात पाणी-मीठ कमी करून केलेले उपास, या सगळ्यांनी पातळी चढते. हात जोरात थरथरायला लागले, जीभ जड झाली, चालताना तोल जातोय, तर पुढची गोळी थांबवून थेट कॅज्युअल्टी गाठा. केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल ते. एरवी मात्र बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही.

मॅनियाच्या भरात निर्णय आणि खर्च हाताबाहेर जातात, म्हणून रात्री दहानंतर लिहिलेली मेल ड्राफ्टमध्येच राहू द्या. राजीनाम्याची तर दोन दिवस आणि एका घरच्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय पाठवूच नका. यूपीआयची मर्यादाही आत्ताच कमी करून ठेवा.

ऑफिसात सगळ्यांना सांगायची गरज नाही, टीममध्ये तर नकोच (चहाच्या टपरीवर बातमी तुमच्याआधी पोचते). मी असतो तर आजाराचं नाव न घेता, ‘वैद्यकीय कारणास्तव कायम दिवसपाळी’ एवढंच डॉक्टरांचं पत्र एचआरला दिलं असतं. प्रिस्क्रिप्शन जोडू नका, त्यावर सगळं वाचता येतं. अडवणूक झाली तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४०% दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. तूर्त पत्र मेलवर पाठवा आणि एचआरचं उत्तर जपून ठेवा.