५ आणि ७ वर्षांच्या मुलांकडून हाताने शिवण्यासारखं सोपं काय करून घेता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी ५ वर्षांची, मुलगा ७चा, सुट्टीत दिवसभर मोबाईल हातात, आणि तुम्हाला स्वतःला बटण लावण्यापलीकडे शिवण येत नाही. बटण लावता येतं ना, बस झालं, तेवढ्यावर निघतं.

मी जळगाव जिल्ह्यातली, घरीच ब्लाऊज शिवते त्यामुळे चिंध्यांना तोटा नाही. आमच्या खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळी माहेरी येतात, म्हणजे माझ्या दोन्ही नणंदा येतात, घरात पाच-सहा पोरं आणि बाहेर ४४-४५ डिग्री, दुपारी १२ ते ५ दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. जे काय शिकले ते त्या दुपारींमध्येच शिकले.

पहिलं सांगते, लगेच सुई देऊ नका. आधी बोटांना सवय होऊ द्या, आणि त्यासाठी कापसासारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे घरचा कापूस असतो, त्यातली सरकी काढायला पोरं आपणहून बसतात, तुम्हाला मेडिकलमधला कापसाचा रोल चालेल. कापूस हलक्या हाताने ओढून लांब पट्टी करायची, बोटं जराशी ओली करायची आणि दर दोन बोटांवर चिमटीत धरून पीळ द्यायचा, मग मधेमधे फुगीर मणी राहतात, त्यावर कुंकवाचा ठिपका, झालं गेजवस्त्र. ५ वर्षांच्या पोरीला जमतं. पीळ कमी झाला तर सुटतो, जास्त ओढला तर तुटतो, हे तिचं तिलाच कळतं, सांगावं लागत नाही. आणि माझ्या सासूबाई ते त्याच संध्याकाळी देवाला घालतात, वाकडं असलं तरी घालतात. आपण केलेलं खरंच वापरात आलं हे पोरांना दिसलं पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी येऊन बसत नाही.

मग लग्नपत्रिका. जाड पत्रिकेवर आंबा नाहीतर मासा काढून कापायचा, कडेने पंचने भोकं पाडायची आणि बुटाची लेस ओवायला द्यायची. हे एका दुपारचं काम आहे, फार दिवस पुरत नाही.

खरी मजा त्यानंतर. बाजारातून कांदे येतात त्या जाळीच्या पिशवीचा तुकडा भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवा. लोकर घ्या आणि लोकरीची जाड सुई, बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची. लोकर नेढ्यात जात नसेल तर टोकाला सेलोटेप गुंडाळा, कडक होतं. लोकर मुलाच्या हाताएवढीच लांब घ्यायची, जास्त घेतली की गुंता होणारच, आणि सुईच्या नेढ्यालाच एक गाठ मारून टाका म्हणजे दर दोन मिनिटांनी सुई निघाली म्हणून हाक येत नाही.

इथे प्रत्येक पोरगं एकच चूक करतं. सुई वरून खाली घालतं, आणि खालून वर यायच्या ऐवजी रिंगच्या कडेवरून फिरवून परत वरूनच घालतं, मग लोकर रिंगला गुंडाळली जाते. किती वेळा सांगितलं तरी कळायचं नाही, शेवटी मी म्हटलं सुई म्हणजे मासा आहे, पाण्यात बुडाला, आता परत वर यायचं तर पाण्यातूनच यायला हवं ना, काठावरून चालत कसा येईल. तेव्हापासून सगळे मासा बुडाला मासा वर आला म्हणत शिवतात. बुडाला, वर आला, हाच धावदोरा. आमच्या घरातल्या सगळ्या गोधड्या याच एका टाक्यावर शिवलेल्या आहेत हे त्यांना गोधडी उलगडून दाखवा, आजीच्या हातचे टाके बोटाने मोजू द्या. माझा भाचा मोजत मोजत झोपून गेला होता.

एक लक्षात ठेवा, मूल उजव्या हाताचं असेल तर शेजारी बसून दाखवा, डावखुरं असेल तर समोर बसून, म्हणजे आरशात बघितल्यासारखं त्याला नीट दिसतं. मला हे उशिरा कळलं, तोवर धाकट्या भाचीला मी उगाच हात बदल हात बदल करत राहिले.

७ वर्षांच्या मुलाला आता खरी सुई द्यायला हरकत नाही, तुम्ही जवळ बसून. त्याला झूल करायला सांगा. पोळ्याला मातीची बैलजोडी आणतो ना, तिच्यासाठी. पोळा श्रावणातल्या अमावस्येला, म्हणजे सुट्टीत केलेली झूल जपून ठेवायची, पण तेच बरं, वाट बघायला काहीतरी असतं. फेल्ट घ्या, स्टेशनरीच्या दुकानात शीट मिळते, त्याचे दोरे सुटत नाहीत म्हणून कड दुमडायची भानगड नाही. बैलाच्या पाठीवरून सुतळी टाकून माप त्यालाच घेऊ द्या, वीतभर बैलाला साधारण ५ बाय ४ इंचाचा तुकडा लागतो. अंघोळीच्या साबणाची झिजलेली चिपटी वाळवून द्या रेघ मारायला, आम्ही शिवणारे तेच वापरतो, धुतलं की जातं. रेघेवरून कडेने दोन ओळी धावदोरा, एक लाल एक पिवळी. मग चार कोपऱ्यांना गोंडे. जेवणाच्या काट्यावर लोकरीचे २५-३० वेढे द्यायचे, काट्याच्या दातांमधून दोरा घालून मधोमध घट्ट बांधायचं, काढून दोन्ही बाजूंनी कात्री मारायची, हाताने चोळलं की गोल फुलतो. पहिला गोंडा फुलला तेव्हा भाच्याचं तोंड बघण्यासारखं होतं. मग त्याला बैलही शिवायचा होता, जुन्या मोज्यात चिंध्या भरून केला एक. सासूबाईंनी विचारलं, "हाऊ बैल शे का बकरी शे?" तो ठामपणे म्हणाला, "बैल शे." पोळ्याला तोही बैलजोडीशेजारी पूजेला बसला.

भरायला चिंध्याच घ्या, मोकळा कापूस भरला तर एकदा धुतलं की त्याचे गोळे होतात.

मुलगा म्हणेल हे मुलींचं काम. आमच्या गावात पँट शिवणारे टेलर सगळे पुरुषच आहेत, त्याला एकदा टेलरच्या दुकानात नेऊन बसवा.

आता जे मनाला लागून राहिलंय ते सांगते. मोठ्या भाचीने, तेव्हा ६ वर्षांची असेल, बटवा शिवला होता. गोल कापड, कडेने धावदोरा, दोरा ओढला की बटवा, सागरगोटे ठेवायला. टाके कुठे अर्धा इंच कुठे दोन इंच. मला वाटलं नीट करून देऊ, रात्री सगळे उसवले आणि सारखे घालून ठेवले. सकाळी तिने हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि म्हणाली मामी हा माझा नाही. भांडली नाही, रडली नाही, ठेवून दिला. पुढची अख्खी सुट्टी तिने सुईला हात लावला नाही. मी माफी मागितली तरी नाही. म्हणून हात जोडून सांगते ताई, त्यांचे टाके उसवू नका, कितीही वाकडे असोत. शाळेच्या स्पर्धेसाठी द्यायचं असलं तरी नाही.

बाकी काळजीचं. सुया मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, एखादी हरवली तर जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फरशीवरून फिरवा, सापडते. घरात ३ वर्षांखालचं बाळ असेल तर बटणं आणि मणी त्याच्या हाताला लागतील असे ठेवू नका, बाहुलीला डोळे लोकरीनेच शिवा. आणि शेतातून, रानातून आणलेल्या लाल-काळ्या गुंजा डोळ्यांसाठी कधीच वापरू नका, एरंडीच्या बियाही नाही. दिसायला फार सुंदर असतात पण दोन्ही विषारी आहेत, आणि ओवण्यासाठी भोक पाडलं किंवा चावल्या गेल्या तर जास्तच धोका. चिंचोके चालतात, तेही बाळापासून लांब.

बोथट सुई मॅचिंग सेंटरमध्ये नुसती सुई म्हणून मागू नका, ते शिलाईची देतात, लोकरीची सुई म्हणून मागा.