पहिलं अर्विन जाकीट घेताना

आधी ठरवा, ब्रिटिश अर्विन हवं की अमेरिकन बी-३. दोन्ही दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांची जाकिटं, मेंढीच्या कातड्याची, आत लोकर असलेली. अर्विनला खिसे नसतात, कंबरेला पट्टा असतो आणि बाह्यांना मनगटापासून वर जाणारी झिप. लांबी कंबरेपर्यंतच असते. वैमानिक बसून असायचा, म्हणून ती आखूड. मोठा साइझ घेऊन लांबी वाढवू नका, खांदे लोंबतील.

माप लेबलवरून घेऊ नका. जाकीट सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत बाहेरून मोजा. छाती ४० इंच असेल तर हे माप २३ ते २४ इंच हवं, कारण आतली लोकर बरीच जागा खाते. नवी लोकर पुढे दबते, त्यामुळे सुरुवातीला थोडं घट्ट वाटलं तर चालेल. पण हात पुढे केल्यावर पाठीची शिवण ताणली जात असेल तर परत करा.

भिजलं तर रुंद हँगरवर, सावलीत वाळवा. हीटरजवळ कधीच नाही! उष्णतेनं कातडं आकसतं, कडक होतं आणि शिवणीपाशी फाटतं. कातडं मऊ ठेवणारं लेदर कंडिशनर अगदी पातळ लावा. जास्त झालं तर तेल लोकरीत उतरतं. पावसाळ्यात सुती पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते.